घड्याळाकडे बघितलं म्हणून माफी मागणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

तुमचं नाव इथे टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीये. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा थँक्यू टाइप केलं आणि खोडलं, फारच तोकडं वाटत होतं, मग म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं.

नाशिकमध्ये ११ वर्षं समुपदेशकाचं काम करतेय. ट्रेनिंग किती झाली त्याची मोजदाद नाही, सर्टिफिकेटांनी एक अख्खी फाइल भरलीये. हॉल, एसी, पडद्यावर ‘एम्पथी’ची स्लाइड आणि ती वाचून दाखवणारे सर, ज्यांनी दिवसभरात एकदाही आमच्याकडे मान वर करून बघितलं नाही. एक जण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यावर बोलायला आले होते, कायदा महत्त्वाचा आहेच हो, पेशंटचे हक्क त्यातच लिहिलेत, पण ‘रुग्णाचा सन्मान’ म्हणता म्हणता चहा घेऊन आलेल्या मावशींवर ते जे खेकसले ना, तेवढंच माझ्या लक्षात राहिलंय. आणि एक पेशंट यायची बंद झाली, मला ते खातंय, असं एकदा एका सिनियरना सांगितलं तर म्हणे, ड्रॉपआउट होतातच, मनाला लावून घेऊ नका, रजिस्टर पूर्ण करा. केलं पूर्ण.

त्यामुळे खरं सांगते, तुमच्या ट्रेनिंगला मी निदान जेवण तरी बरं असेल एवढ्याच आशेने आले होते. तेही सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांना शिव्या घालत, पाऊण तास उशिरा.

पहिल्या दिवशी तुम्ही त्या ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या दशकातला प्रयोग सांगितला. आई बाळाशी मस्त खेळतेय, आणि मग दोनेक मिनिटं चेहरा एकदम कोरा करते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, मग कुरकुरतं, शेवटी तोंडच फिरवतं. आम्ही सगळ्या हळहळलो. तुम्ही म्हणालात, त्यानंतर आई परत येते, तिथे बघा. पेशंटबरोबरचं नातंही असंच अधूनमधून तुटतं, तुटणारच, ते सांधता येतं का एवढंच आपल्या हातात असतं. मग बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेलं ते, की कशासाठी भेटतोय, भेटून काय करायचं आणि दोघांमधला जिव्हाळा, या तिन्हीवर उपचार उभा असतो. मी वहीत उतरवलं. सवयीने, आधीच्या सगळ्या वह्यांसारखंच.

दुसऱ्या दिवशी मी माझी केस मांडत होते. द्राक्षबागेवाल्या घरची बाई, दिंडोरीकडची समजा (मुद्दाम बदललंय). गारपिटीत बाग गेली तेव्हापासून तिची झोप उडालेली. मी म्हणाले, त्या दिवशी तिने समोर ठेवलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि तेवढ्यात तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि म्हणालात, चला, पुढची केस घेऊ. झालं, मी गप्प. दुपारभर हो मॅडम, बरोबर मॅडम.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तुम्ही तुमची ती एका हाताची प्लास्टिकची खुर्ची ओढत माझ्यासमोर आणलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "काल तुम्ही सांगत होतात, तिने पाणी घेतलं नाही. मी घड्याळ बघितलं. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. ते माझ्यामुळे झालं का?"

मी अर्थातच नाही नाही, तसं काही नाही हो, असं म्हणाले. तुम्ही ते धरूनही ठेवलं नाहीत आणि मला सोडलंतही नाही. नुसत्या बसून राहिलात. पंख्याचा तो कट कट आवाज मला अजून ऐकू येतो. मग माझ्या तोंडून निघालं, हो, लागलं मला.

"चुकलं माझं. आता सांगा, पाणी घेतलं नाही, मग?"

बास, एवढंच. ११ वर्षांत माझ्यापेक्षा वरच्या खुर्चीतल्या माणसाने मला चुकलं म्हटल्याचं आठवत नाही. घरीसुद्धा मोठ्यांनी असं म्हणायची पद्धत कुठेय आपल्याकडे, फार तर जेवायला जरा जास्त वाढतात. वास्तविक याला डिग्री लागत नाही, साधा चांगुलपणा लागतो. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन पाण्याची मोटर लावायची राहिली की स्वतः चार मजले चढून सांगतो, ताई विसरलो. आणि शिकलेली माणसं मात्र मीटिंगा घेतात.

तर मग. ती बाई समोर बसली होती तेव्हा मी काय करत होते ते मला त्या खुर्चीसमोर बसून आठवलं. झोप किती तास, भूक कशी, असं विचारत मान खाली घालून फॉर्म भरत होते. तिने पाणी घेतलं नाही हे मी बघितलं, पण ती उठून गेल्यावर, ग्लास उचलताना.

परवा तिला फोन केला. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी बोलत होतात आणि मी लिहीत बसले होते, तुमच्याकडे बघितलंच नाही, चुकलं माझं. पलीकडे बराच वेळ नुसती गाय हंबरल्याचा आवाज. मला वाटलं ठेवणार आता. मग म्हणाली, हा, मलाबी वाटलं तसं. आणि मग म्हणाली, ऑक्टोबर छाटणी उरकू द्या, मग येते.

तुमची,
दुसऱ्या रांगेतली, उशिरा आलेली