चित्र वाढत जातं तेव्हा

महोदय,

मॉरिस सेंडाक यांचं १९६३चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे चित्रपुस्तक मुलांना दाखवताना चित्रांच्या आकाराकडे जरूर लक्ष द्यावं. सुरुवातीला मॅक्सचं, म्हणजे गोष्टीतल्या मुलाचं, चित्र लहानसं, भोवती भरपूर कोरी जागा. खोलीत जंगल उगवतं तसं ते फुगत पान व्यापतं, मग शेजारच्या पानावर सरकतं. मॅक्स आणि जंगली प्राण्यांच्या धिंगाण्याची सलग तीन जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र) तर निःशब्द. तिथं मोठ्यांनी गप्प राहावं, मुलांना बघू द्यावं. शेवटच्या पानावर चित्रच नाही! बाकीच्या चित्रांत शाईच्या बारीक आडव्यातिडव्या रेघांनी आणलेली सावली केवळ अप्रतिम. मोबाइलवर एकेक पान सुटं दिसलं की जोडपान मधोमध तुटतं, वाढत्या चित्राची गंमतच जाते. छापील प्रत घ्यावी आणि पूर्ण उघडून सपाट ठेवावी.

— एक वाचक