बागेतील प्रत्येक कीटक शत्रू नसतो

महोदय,

उन्हाळा सुरू झाला की गृहसंकुलांच्या हिरवळीवर आणि सार्वजनिक उद्यानांत सरसकट कीटकनाशकाची फवारणी केली जाते. ती थांबवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसणारा मावा रस शोषतो हे खरे, परंतु त्याच फांदीवर अनेकदा ढालकिड्याची अळीही हिंडत असते. काळपट, लांबुडकी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली ही अळी लाल पाठीच्या प्रौढ किड्यासारखी मुळीच दिसत नसल्याने लोक तिलाच उपद्रवी समजून चिरडतात, आणि मावा फस्त करणारा जीव आपल्याच हातून मरतो. पानाखाली केसासारख्या बारीक देठांवर उभी असलेली इवलीशी अंडी क्रायसोपा या मावा खाणाऱ्या कीटकाची असतात. तीही पुसून टाकू नयेत. माव्याच्या माद्या नराविना थेट पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे फवारणीतून वाचलेला मावा पुन्हा झपाट्याने वाढतो, त्याचे भक्षक मात्र इतक्या लवकर परतत नाहीत.

हिरवळ ठिकठिकाणी पिवळी पडून गालिच्यासारखी सहज उचलली जात असेल, तर माती उकरून मुळे खाणारी हुमणी आहे का ते पाहावे. पानांवर मारलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. फुलांवर मधमाश्या असताना तर औषध मारूच नये. फवारणीआधी किडीची ओळख पटवून घेण्याचा नियम उद्यान विभागांनी आणि गृहसंकुलांनी याच हंगामापासून करावा.

– एक उद्यानप्रेमी वाचक