नगर रस्त्याच्या आखणीसाठी रहिवासी सल्लागार गट : नाव द्या, वेळ द्या, मदत करा

येरवड्यापासून शिक्रापूरपर्यंत पुणे-नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, शिकणाऱ्या आणि रोज याच रस्त्याने कामाला जाणाऱ्या सर्वांना सप्रेम नमस्कार.

आपला रस्ता आता पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी बदलणार आहे. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली. ती वाघोलीत विठ्ठलवाडीपर्यंत नेण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. खराडीपासून शिरूरपर्यंत पन्नास किलोमीटरहून लांब उन्नत मार्गही ठरला आहे. मेट्रो वरून, उन्नत मार्ग वरून, आणि खाली आपण. खांब कुठे उभे राहणार, रॅम्प कोणत्या चौकात उतरणार, बसथांबा आणि मेट्रो स्टेशन यांच्यामध्ये माणसाला किती चालावं लागणार, पायी रस्ता ओलांडायची सोय जमिनीवर राहणार की प्रत्येकाला जिने चढायला लागणार, हे सगळं कागदावर पक्कं होण्याचा हा काळ आहे.

म्हणून आमच्या समितीने ठरवलं आहे की या संपूर्ण पट्ट्यातून चोवीस रहिवाशांचा एक सल्लागार गट उभा करायचा, आणि ही चोवीस माणसं सोडतीने निवडायची. या कामासाठी आम्ही तुमच्याकडे तीन गोष्टी मागत आहोत: तुमचं नाव, तुमचा थोडा वेळ आणि जमेल तेवढी आर्थिक मदत.

आधी, हे आत्ताच का, ते सांगतो. आपल्याकडे लोकांचं म्हणणं मागवायची कायद्यातली रीत म्हणजे हरकती आणि सूचना. आराखडा तयार होतो, प्रसिद्ध होतो, मग मुदत दिली जाते. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा साठ हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. लोकांनी सातबारे काढले, नकाशांच्या झेरॉक्स काढल्या, सुनावणीसाठी कामावर रजा टाकली. पुढे तो आराखडाच रद्द झाला. त्या हरकतींमध्ये एकेका गावाची, एकेका ओढ्याची आणि पाणंद रस्त्याची किती बारीक माहिती होती! ती माहिती आखणीच्या आधी घेतली असती तर निम्म्या हरकती घ्यायची वेळच आली नसती, असं आमचं ठाम मत आहे. रेघ ओढून झाल्यावर विचारलं की माणूस फक्त आपलं घर त्या रेघेखाली येतं का, एवढंच बघतो. त्यात त्याचा काही दोष नाही.

याच रस्त्यावर २०१६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. मधोमध स्थानकं बांधली, मार्गिका आखल्या, आणि काही वर्षांतच त्या उखडल्याही. बीआरटी असावी की नसावी यावर आपल्यात आजही दोन तट आहेत आणि त्या वादात आम्हाला इथे शिरायचं नाही. पण बांधताना आणि उखडताना, दोन्ही वेळा, रोज बसने जाणाऱ्या बायकांना आणि पोरांना मधल्या स्थानकापर्यंत पोचायचं कसं, हे बसून विचारायला हवं होतं. कर्वे रस्त्यावरचा नळस्टॉपचा दुमजली पूल आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुलाचं तोंड जिथे उतरतं तिथे पुढे वाहतुकीचं काय होतं, हे त्या भागातल्या कोणत्याही दुकानदाराला विचारा. नगर रस्त्यावर अशी कितीतरी तोंडं उतरणार आहेत.

वाघोलीकरांचं दुखणं तर आणखी वेगळं आहे. जून २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोली आली. ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली, जिथे गावातला कोणताही मतदार उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकत होता. लगेच मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता. म्हणजे ज्या काळात वाघोली सर्वांत वेगाने वाढली, त्या काळात तिथल्या माणसाला ना ग्रामसभा होती ना नगरसेवक. रस्त्याबद्दल बोलायचं तर कुणाकडे जायचं? महापालिका, पीएमआरडीए, मेट्रो, शहर बस चालवणारी पीएमपी, वाहतूक पोलीस, राज्याचं पायाभूत सुविधांचं महामंडळ, सगळ्यांचा हात या एकाच रस्त्यावर आहे. प्रत्येकाचा नकाशा वेगळा. ते सगळे नकाशे एकत्र ठेवून बघायला रहिवासी बसले पाहिजेत, हा या गटामागचा मूळ हेतू.

आता सोडतीबद्दल. बैठक बोलावली की कोण येतं, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. निवृत्त मंडळी येतात, सोसायट्यांचे अध्यक्ष-सचिव येतात, ज्यांच्याकडे संध्याकाळचे दोन तास आणि स्वतःची गाडी आहे ते येतात. त्यांची तळमळ खरी आहे आणि त्यांच्याच बळावर ही समिती चालते. पण या रस्त्यावर सर्वांत जास्त धोका पत्करणारी माणसं त्या बैठकीत नसतात. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहणारा गवंडी नसतो. तीन घरची धुणीभांडी उरकून बस पकडणारी बाई नसते. मराठवाड्यातून, विदर्भातून शिकायला आलेला आणि भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला. तिघांचा जीव गेला, त्यात दोन चिमुकली होती. कामाच्या शोधात आलेली ती कुटुंबं होती. पदपथाची रुंदी, कठडा, रात्रीच्या डंपरची वाहतूक, यातल्या कशावरही त्यांचं मत घ्यायला कुणी गेलं नसतं, आणि आम्हीही त्यांच्यापर्यंत पोचलो नसतो.

कुणी हात वर केला तर घ्यायचं, या पद्धतीने ही माणसं कधीच येणार नाहीत. निवडणूक घेतली तर ज्याची ओळख जास्त तो येणार. सोडतीत मात्र इंजिनिअरच्या चिठ्ठीला आणि हमालाच्या चिठ्ठीला वजन सारखंच. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत आपण दर निवडणुकीला पाहतो, शाळकरी मुलं चिठ्ठ्या काढतात आणि निकाल सगळ्यांना मान्य असतो. फ्रान्समध्ये २०१९-२० मध्ये हवामानाच्या धोरणावर सल्ला द्यायला दीडशे सामान्य नागरिक असेच सोडतीने निवडले होते. आयर्लंडमध्येही नागरिकांची सभा अशाच पद्धतीने भरवली गेली. आपला प्रश्न त्यामानाने लहान आहे, पण रोजच्या जीवाशी आहे.

निवड अशी होईल. पट्ट्याचे चार भाग केले आहेत: येरवडा ते रामवाडी, विमाननगर-चंदननगर-खराडी, वाघोली, आणि लोणीकंदपासून पेरणे, सणसवाडी, शिक्रापूरपर्यंतची गावं. प्रत्येक भागातून सहा जण, त्यात तीन स्त्रिया. सहापैकी किमान दोघांकडे स्वतःचं कोणतंही वाहन नसावं. पूर्ण गटात किमान दोन दिव्यांग व्यक्ती आणि पंचविशीच्या आतले चार जण असतील. त्यासाठी चिठ्ठ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवू. मतदार यादीतून नावं काढायची सूचना आली होती, पण ती आम्ही घेतली नाही. इथे पाच-पाच वर्षं भाड्याने राहणाऱ्या हजारो माणसांचं मतदान अजून गावीच आहे, आणि रस्ता तर तेही रोज वापरतात. म्हणून साधा अर्ज ठेवला आहे: नाव, वय, राहण्याचं ठिकाण, रोज कसे प्रवास करता, फोन नंबर. आधार कार्ड मागणार नाही. अठरा वर्षं पूर्ण असावीत आणि या पट्ट्यात राहून सहा महिने झालेले असावेत, एवढीच अट.

कोणत्याही पक्षाचे पदाधिकारी, रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामाचे ठेकेदार, या पट्ट्यातल्या जमिनींचे व्यवहार करणारे, आणि आमच्या समितीचे पदाधिकारी यांना सोडतीत भाग घेता येणार नाही. समितीतल्या काहींना हे रुचलेलं नाही, तरी हा नियम आम्ही बदलणार नाही.

गट वर्षभर काम करेल, महिन्यातून एक रविवार. पहिल्या दोन बैठका फक्त समजून घेण्याच्या असतील. नकाशा कसा वाचायचा, उन्नत मार्गाचा खांब किती जागा खातो, सिग्नल बंद करून यू-टर्न दिला की काय सुधारतं आणि काय बिघडतं. गाड्या सलग धावू लागल्या की गाडीवाल्याचे दहा मिनिटं वाचतात हे खरं, आणि पायी ओलांडणाऱ्याला थांबलेली गाडी कधीच मिळत नाही हेही खरं. दोन्ही बाजू ऐकून मग मत बनवायचं. सर्व यंत्रणांच्या अधिकाऱ्यांना आम्ही लेखी निमंत्रण देणार आहोत. वाहतूक अभियांत्रिकी शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांनी विनामूल्य यायचं कबूल केलं आहे. त्यानंतर गट स्वतः रस्त्यावर उतरेल.

संध्याकाळी सातला वाघोलीच्या वाघेश्वर मंदिरासमोर अर्धा तास उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं. थांब्यावर रिक्षा लागलेल्या असतात, म्हणून बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते. उतरणाऱ्या बायका आधी डावीकडून येणाऱ्या दुचाक्या बघतात, मग पिशवी सावरतात, मग अनोळखी असल्या तरी एकमेकींचा हात धरतात आणि चार-पाच जणींचा घोळका करून दुभाजकापर्यंत जातात. तिथे चप्पल रुतेल एवढ्या मातीत उभ्या राहून उरलेला अर्धा रस्ता मोकळा व्हायची वाट बघतात. गटातल्या प्रत्येकाने असं एकेक ठिकाण बघावं, टेप घेऊन मोजावं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. आपल्याकडे कुठे किती आहे, ते आकड्यात लिहून ठेवायचं. नववर्षाच्या दिवशी पेरण्याच्या जयस्तंभाला लाखो लोक येतात तेव्हा वाहतूक कशी वळवली जाते, रांजणगावच्या गर्दीचा भार शिक्रापूर चौकावर कसा पडतो, शाळेची बस आणि खडीचे हायवा एकाच वेळी कुठे समोरासमोर येतात, याचीही नोंद व्हायला हवी.

यातून निघालेला सल्ला मराठीत, नकाशासह छापून सर्व यंत्रणांना आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींना एकाच दिवशी दिला जाईल. या गटाला कायद्याने कोणताही अधिकार नाही, हे स्पष्ट सांगतो. यंत्रणांवर तो सल्ला बंधनकारक नसेल. पण चोवीस वेगवेगळ्या थरांतल्या माणसांनी वर्षभर अभ्यास करून एकमताने एखादी गोष्ट मागितली, आणि कुठे एकमत झालं नाही तेही प्रामाणिकपणे लिहिलं, तर तो कागद बाजूला सारणं सोपं जाणार नाही. अधिकाऱ्यांनाही अशी माहिती हवी असते, हे त्यांच्याशी बोलताना आम्हाला जाणवलं आहे.

आता पैशांबद्दल. वर्षभराचा अंदाजे खर्च २ लाख ४० हजार रुपये आहे. यातला जवळपास निम्मा खर्च रोजी बुडालेल्यांना द्यायच्या भरपाईचा. रविवारीही ज्याचा हात चालतो त्याला बैठकीला बोलवायचं आणि घरी रिकाम्या हाताने पाठवायचं, हे आम्हाला पटत नाही. अशा सभासदाला दर बैठकीला ८०० रुपये दिले जातील. उरलेला खर्च नकाशांची मोठी छपाई, लांबून येणाऱ्यांचा प्रवास, बैठकीच्या वेळी मुलं सांभाळायला येणाऱ्या ताईंचं मानधन आणि चहा-नाश्ता यांचा. एका कुटुंबाकडून पाच हजारांपेक्षा जास्त घेणार नाही. बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार आणि राजकीय पक्ष यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही. पन्नास रुपये दिले तरी पावती मिळेल, आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च सोसायट्यांच्या आणि मंदिराच्या फलकांवर लावला जाईल. पैसे देणं जमत नसेल तर रविवारी रिकामा असलेला हॉल द्या, खुर्च्या द्या, छपाई करून द्या.

आणि पैशाइतकीच माणसांची गरज आहे. अर्ज भरून घ्यायला घरोघर, खोल्याखोल्यांतून, लेबर कॅम्पमधून, वसतिगृहांतून फिरायचं आहे. हिंदी बोलणारे कार्यकर्ते हवेत, कारण कॅम्पमधले अनेक जण परराज्यांतले आहेत. महिला कार्यकर्त्या तर हव्यातच. घरात बाई एकटी असेल तर ती आमच्यासारख्या बाप्यांशी बोलणार नाही, आणि निम्मा गट स्त्रियांचा हवा असेल तर निम्मे अर्ज तरी त्यांचे यायला हवेत. आतापर्यंत आलेल्या अर्जांत पुरुषांचेच जास्त आहेत. ताई, वहिनी, मावशी, तुम्हाला कळकळीने सांगतो: "मला त्यातलं काय कळतंय" असं म्हणून अर्ज बाजूला ठेवू नका. मुलाला शाळेत सोडताना कोणत्या कोपऱ्यावर छातीत धस्स होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तेच आम्हाला हवं आहे.

अर्ज समितीच्या कार्यालयात, सहभागी सोसायट्यांच्या कार्यालयांत आणि आठवडे बाजारातल्या आमच्या टेबलावर मिळतील. लिहिता येत नसेल तर कार्यकर्ते भरून देतील. अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. सोडत अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांसमक्ष होईल. चिठ्ठ्या पट्ट्यातल्याच शाळांची मुलं काढतील. सोडतीची जागा प्रत्येक अर्जदाराला फोन करून कळवू. ज्यांची नावं निघतील त्यांनी हो किंवा नाही हे आठ दिवसांत सांगावं, म्हणजे राखीव चिठ्ठीतल्या माणसाला वेळेत बोलावता येईल. ज्यांची निघणार नाहीत त्यांनाही प्रत्येक बैठकीत मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकता येईल, आणि शेवटची वीस मिनिटं त्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवली आहेत.

आपले,
समितीचे सर्व सभासद