रात्रपाळी धरण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "शिष्यवृत्ती आपल्या नशिबात नाही, मी सरळ कारखान्यात रात्रपाळी धरतो." मागे बसची घरघर चालली होती, त्यामुळे तेव्हा मला काही नीट बोलता आलं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो. आयटीआयची दोन वर्षं तू लेथसमोर उभं राहून काढलीस आणि त्या गुणांवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला तुझा नंबर लागला. आमच्या वर्गातही आयटीआयमधून आलेली मुलं आहेत. पहिल्या वर्षाचं गणित त्यांना स्वतःहून भरून काढावं लागतं. दिवसा कॉलेज आणि रात्री मशीन असं केलंस तर ते गणित कधी होणार, सांग.

पैसे मिळतात, हे मी स्वतः घेऊन सांगतोय. पण माझं पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं, ते का गेलं हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा लाज वाटायची.

पहिल्या वर्षी मी अर्ज एका नेट कॅफेत भरला. कागद दिले, शेजारच्या खुर्चीत बसलो, त्याने सगळं भरलं आणि पावतीची प्रिंट काढून दिली. मी ती फाईलला लावली आणि निर्धास्त झालो. फेब्रुवारीत कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात सहज चौकशीला गेलो, तेव्हा तिथल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. अर्ज परत पाठवलेला. कारण एका ओळीत लिहिलेलं, उत्पन्नाचा दाखला वाचता येत नाही. त्यांनी दाखला उघडून दाखवला. ट्यूबलाइटखाली मोबाईलने काढलेला फोटो, वरच्या अर्ध्या भागावर पांढरा झोत आणि खालचा बारकोड कापलेला. दुरुस्तीची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. मेसेज आला होता म्हणे, पण अर्जात मोबाईल नंबर त्या कॅफेवाल्याचा होता. त्याच्याकडे अशा शेकडो मुलांचे मेसेज येत असणार. त्या वर्षीची पूर्ण फी दादांनी विहिरीच्या मोटरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून भरली. ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

म्हणून पहिली विनंती ही की महाडीबीटीवरचं, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचं, खातं तू स्वतः उघड. नंबर तुझा, ईमेल तुझा, पासवर्ड तुझ्या वहीत. आधारला जो मोबाईल जोडलेला आहे तो चालू आहे का हे आधी बघ, कारण ओटीपी त्यावरच येतो. कॅफेत बसून भरायला हरकत नाही, स्कॅनर तिथेच असतो. पण कीबोर्डवर हात तुझा हवा आणि ओटीपी कोणाला सांगायचा नाही. पोर्टलवर अर्जाला फी नाही. कॅफेवाला स्कॅन-प्रिंटचे घेईल ते वेगळे, पण "अर्ज मंजूर करून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथून ऊठ.

आता तुला काय मिळू शकतं ते बघू. खुल्या गटासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, पोरं तिला ईबीसी म्हणतात. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्काचा अर्धा भाग शासन देतं. एक अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंतच ती मिळते, पण तुम्ही दोघंच भावंडं, त्यामुळे तो प्रश्न नाही. तुझा प्रवेश कॅपचा आहे, तर अलॉटमेंट लेटर जपून ठेव. आणि ऐक, पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी उरलेलीच फी घ्यावी असं शासनाने संस्थांना सांगितलेलं आहे. पूर्ण फी भरायला सांगितलं तर नम्रपणे, पण लेखी विचार.

दुसरी योजना तुझ्या जास्त कामाची आहे, आणि तिच्याबद्दल मुलांना माहीतच नसतं. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. घर सोडून शिकणाऱ्याला राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांना. मला दादांच्या सातबाऱ्यावरून मिळाले. तुझे बाबा इतकी वर्षं बांधकामावर जातात. त्यांची कामगार मंडळात नोंदणी आहे ना? वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणीचं नूतनीकरण वेळच्या वेळी करावं लागतं. कार्ड ट्रंकेत पडून राहतं आणि तारीख उलटून जाते, असं पुष्कळ घरांत होतं. आज घरी फोन करशील तेव्हा बाबांना कार्डावरची तारीख वाचून दाखवायला सांग. हे एक काम पत्र खाली ठेवायच्या आत कर.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, हे आपण शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं होतं. खोलीचं भाडं भागवायला तो भत्ता पहिल्यांदा हातात आला, तेव्हा मला त्या धड्याचा अर्थ कळला. गावाबाहेर शिकणाऱ्या पोराची खरी अडचण फीच्याही आधी रात्री कुठे टेकायचं ही असते, हे त्यांनी ओळखलं होतं. हे पैसे घेताना तुला उपकार घेतल्यासारखं वाटतं, असं तू एकदा म्हणाला होतास. मला नाही वाटत तसं. तुझ्या बाबांनी किती सरकारी इमारतींवर पाट्या टाकल्या ते आठव.

कागदांचं म्हणशील तर उत्पन्नाचा दाखला सर्वात आधी काढ. तहसीलदारांच्या सहीचा लागतो, त्याआधी तलाठ्यांचा अहवाल लागतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात रांग दाराबाहेर जाते. अधिवासाचा दाखला, दहावीची आणि आयटीआयची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, फीची पावती, हे सगळं एका पिशवीत ठेव. खोली भाड्याची आहे तर तिथे राहतोस याचा पुरावा घरमालकांकडून आत्ताच मागून घे, ऐन वेळी ते गावाला गेलेले असतात. प्रत्येक कागद सपाट ठेवून चारही कोपरे दिसतील असा स्कॅन कर. फाईल २५६ केबीच्या आत बसवावी लागते, पण ती इतकीही दाबू नकोस की शिक्का धूसर होईल. चढवल्यावर स्वतः उघडून वाच. तुला वाचता आलं नाही तर तिकडच्यालाही येणार नाही.

प्रोफाइलमध्ये घाई करू नकोस. मागील पात्रतेत दहावी आणि आयटीआय दोन्ही भर. वसतिगृहाच्या पानावर "डे स्कॉलर", म्हणजे घरून ये-जा करणारा, निवडलंस तर निर्वाह भत्त्याची योजना यादीत दिसणारच नाही आणि तुला वाटेल की आपण पात्रच नाही. माझ्या वर्गातल्या एकाचं अगदी असंच झालं. आणि तुझ्या नावाचं बघ. दहावीच्या गुणपत्रिकेवर बाबांचं नाव पूर्ण आहे आणि आधारवर नुसतं आद्याक्षर, हो ना? ते आधारवर आधी दुरुस्त करून घे.

आता बँकेचं सांगतो. दुसऱ्या वर्षी माझा अर्ज सगळ्या टेबलांवरून पार झाला, पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसलं, आणि पासबुकात एक रुपया नाही. तीन वेळा बँकेत गेलो. चौथ्यांदा काउंटरवरच्या ताईंनी शांतपणे विचारलं, "मोबाईलचं सिम घेताना कुठे अंगठा दिला होतास का?" दिला होता. त्या अंगठ्यावर माझ्या नावाचं एक खातं उघडलेलं होतं, आधारची सरकारी रकमेची जोडणी त्या खात्यावर गेली होती, आणि भत्ता तिथे जाऊन बसला होता. पैसे मिळाले, पण दीड महिन्याने, आणि तोवर भाडं थकलं होतं. आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, सीडिंग असणं, म्हणजे सरकारी रकमेसाठी ते खातं आधारवर नोंदलेलं असणं, वेगळं. पैसे सीडिंग असलेल्या खात्यातच येतात, अर्जाला कोणतंही पासबुक जोडलं तरी. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती बघता येते, दोन मिनिटांचं काम आहे. बँक चुकीची दिसली तर शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भर आणि काही दिवसांनी परत तपास.

अर्ज सबमिट झाल्यावर दर रविवारी एकदा लॉगिन कर. आधी कॉलेजचा लिपिक, मग प्राचार्य, मग वरचं कार्यालय, असा तो सरकतो. एकाच टेबलावर पंधरा दिवस दिसला तर त्या टेबलासमोर जाऊन उभा राहा, अर्ज क्रमांक हातात घेऊन. परत आला तर त्याच दिवशी दुरुस्त कर. नामंजूर आणि परत पाठवलेला यात फरक आहे, परत आलेला अर्ज अजून जिवंत असतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्जही तुलाच भरायचा आहे, तो आपोआप होत नाही.

पैसे यायला वेळ लागतो, हे मी लपवत नाही. कधी परीक्षा होऊन जाते तरी येत नाहीत. पहिले काही महिने ओढाताण होणार, तेव्हा मला सांग. माझ्या खोलीत तिसऱ्या गादीला जागा आहे आणि मेसचा डबा दोघांत पुरतो. पण त्या कारखान्याला या महिन्यात हो म्हणू नकोस.

रविवारी सकाळी माझी खोली मोकळी आहे. पिशवी घेऊन ये, आणि येण्याआधी सीडिंगच्या पानाचा फोटो मला पाठव. बाबांच्या कार्डावरची तारीखही. आईला माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र