जर्मनांना तुम्ही चुकीची टोपी घातलीत, संपादक साहेब!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत १८७० च्या फ्रान्स-जर्मनी युद्धावर अर्धं पान आलं होतं. लेख चांगलाय, बिस्मार्क वगैरे सगळं आलंय, पण वर जो फोटो छापलाय तो बघून माझा चहा गार झाला. राखाडी कोट आणि डोक्यावर कानापर्यंत आलेलं ते लोखंडी हेल्मेट. अहो ते हेल्मेट १९१६ सालचं, पहिल्या महायुद्धातलं! म्हणजे ४६ वर्षं पुढची टोपी तुम्ही त्या बिचाऱ्यांच्या डोक्यावर चढवलीत. राखाडी कपडा पण १९०७ ते १९१० च्या दरम्यान आला, त्याच्या आधी जर्मन शिपाई बहुतेक निळ्यात. पण फोटोचं एक वेळ सोडून देतो, फोटो कुठूनतरी उचलला असणार. खाली जी ओळ टाकलीय ना, "एकाच गणवेशातलं शिस्तबद्ध जर्मन सैन्य", खरी चूक तिथं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलोय.

आता तुम्ही म्हणाल हा कोण टिकोजी. मी टेलर. साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला दुकान आहे, तीस-पस्तीस वर्षं झाली मिलिटरीवाल्यांचे, पोलिसांचे आणि शाळांचे कपडे शिवतोय. आपला जिल्हाच फौजेचा, सुट्टीवर आलेला जवान दुकानात आला की नुसत्या बटणावरून मी सांगतो कुठल्या रेजिमेंटचा, काळी बटणं असली की रायफल्सवाला, त्याला विचारायला पण लागत नाही. सांगायचं एवढंच की कपड्यातलं आपल्याला थोडंफार कळतं. पण जर्मनांच्या बाबतीत मी पण तुमच्यासारखाच होतो हे कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजची पोरं एकांकिकेसाठी "काका, जुन्या काळातले जर्मन सोल्जर पाहिजेत" म्हणून आली, मी आठ कोट शिवले, आठही राखाडी, आठही एकसारखे. टाळ्या पडल्या, बक्षीस पण मिळालं, कोणी विचारलं नाही की राजे हे कुठल्या सालचे आणि कुठल्या राज्याचे.

डोळे उघडले ते गेल्या वर्षी. मुलगी जावई जर्मनीत, बव्हेरियातल्या इंगोलस्टाटला असतात, तिकडं अडीच महिने जाऊन राहिलो. डॅन्यूब नदीच्या काठावरचं गाव, तिथं बव्हेरियाच्या सैन्याचं म्युझियम आहे, ज्या वाड्यात आहे त्याला 'नवा वाडा' म्हणतात आणि तो आहे पंधराव्या शतकातला! (आपला नवा राजवाडा तरी कुठं नवा राहिलाय.) जावयाला वाटलं बाबा तासाभरात कंटाळतील. मी चार वेळा गेलो, चौथ्या वेळेला तिथली गार्डबाई ओळखून हसली.

तिथला एक कोट अजून डोळ्यासमोरून जात नाही. रंग बघा, गडद निळा नाही, आभाळी पण नाही, मधलाच एक, तिकडं शेतात एक निळं रानफूल येतं त्याचं नाव त्या रंगाला दिलंय. एका ओळीत बटणं, उभी कॉलर, कॉलरला आणि कफला वेगळ्या रंगाची पट्टी. मी काचेला नाक लावून टाके मोजत होतो. कॉलरची आतली कड घामानं काळपट झालेली, दीडशे वर्षं झाली तरी माणूस गेला आणि घाम राहिला. बाजूच्या दुसऱ्या कोटाचं अस्तर उघडं ठेवलं होतं, त्याच्यावर रेजिमेंटचा आणि सालाचा शिक्का. आपल्याकडं धोबी मार्का घालतो ना तसंच, फक्त हा सरकारी. कोट शिपायाचा नाही, भांडाराचा, एकानं उतरवला की दुसऱ्याच्या अंगावर.

आणि हा कोट प्रशियाचा नाही बरं का, बव्हेरियाचा. मुद्दा तोच आहे. १८७० ला 'जर्मनी' नावाचा एक देश नव्हताच, प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेमबर्ग अशी संस्थानं होती. प्रशिया गडद निळ्यात आणि डोक्यावर ती टोकवाली टोपी, पिकेलहाउब. बव्हेरिया फिक्या निळ्यात आणि त्यांची टोपीच वेगळी. गंमत म्हणजे १८६६ ला बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूनं होती, किसिंगेनला प्रशियाच्याच विरुद्ध लढली आणि हरली, आणि चारच वर्षांनी त्याच प्रशियाच्या युवराजाच्या हाताखाली फ्रान्सवर चालून गेली. कपडे मात्र आपलेच घालून. आतमध्ये पण सगळे एकसारखे नव्हते, प्रत्येक रेजिमेंटच्या पट्टीचा रंग वेगळा, आणि जिथं दोन रेजिमेंटचा रंग एकच असेल तिथं एकाची बटणं पिवळी दुसऱ्याची पांढरी. बघा, बटणावरून ओळखायची माझी विद्या तिकडं पण चालली असती. पुढं युद्धानंतर पट्टी सगळ्यांना लाल झाली, टेलर लोकांचं काम सोपं झालं असणार.

आता टोपीचं सांगतो. बव्हेरियाच्या टोपीला तिकडं राउपेनहेल्म म्हणतात, राउपे म्हणजे सुरवंट! काळ्या चामड्याची टोपी आणि कपाळापासून मागं मानेपर्यंत वरून एक जाड केसाळ काळा सुरवंट बसलेला, शिपायाचा लोकरीचा, साहेबाचा अस्वलाच्या कातड्याचा. पुढं मुकुट आणि त्याच्याखाली 'एल' अक्षर, म्हणजे राजा लुडविग दुसरा, तोच तो परीकथेतल्यासारखे वाडे बांधणारा. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला हसूच आलं, म्हणलं हे घालून लढत होते का गणपतीच्या देखाव्यात उभे राहत होते? पण प्रशियाची टोकवाली टोपी तरी काय कमी आहे. ती १८४२ ला आली, उकळून कडक केलेलं चामडं, वर धातूचं टोक, वरून तलवारीचा घाव बसला तर घसरून जावा म्हणून, आणि टोकाच्या बुडाशी बारीक भोकं, डोक्याला वारा लागावा म्हणून. तोफखान्याला टोकाच्या जागी गोळा. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं १८४३ ला, म्हणजे आपलं नाटक आणि ती टोपी जवळजवळ एका वयाची. नाटक अजून चालू आहे.

साताऱ्याच्या माणसाला पुढची गोष्ट जास्त लागेल. आपलं संस्थान १८४८ ला इंग्रजांनी खालसा केलं, वारस दत्तक आहे म्हणून, आणि सगळा कारभार गुंडाळला. तिकडं बव्हेरियाच्या राजानं नोव्हेंबर १८७० मध्ये जर्मन साम्राज्यात जायचा तह केला तेव्हा काय राखून ठेवलं? शांततेच्या काळात आपलं सैन्य आपल्या हाताखाली. साम्राज्य झालं, कैसर झाला, पण बव्हेरियाचा शिपाई त्याच फिक्या निळ्यात, तोच सुरवंट डोक्यावर, पट्ट्याच्या बकलवर पण स्वतःचं ब्रीद, प्रशियाच्या बकलवर 'देव आमच्याबरोबर', यांच्या बकलवर 'निष्ठेत अढळ'. लुडविग जिवंत होता तोपर्यंत टोपी हलली नाही. जून १८८६ मध्ये तो स्टार्नबर्गच्या तळ्यात मेला, कसा मेला यावर तिकडं अजून वाद चालतो, आणि त्याच वर्षी बव्हेरियाच्या डोक्यावर पण प्रशियासारखं टोक आलं. कोटाचा निळा रंग मात्र सोडला नाही. तुम्ही एका ओळीत "एकाच गणवेशातलं" म्हणून टाकलंत, त्या लोकांनी कशाकशासाठी हट्ट धरला होता ते एका ओळीत पुसलं गेलं बघा.

बंदुकांचं मला फार कळत नाही पण लेखात "जर्मनांची आधुनिक बंदूक" असं जे आलंय ते पण अर्धंच खरं. प्रशियाकडं ड्रायझेची सुईवाली बंदूक होती, लांब सुई कागदी काडतुसात घुसून बार उडवायची, मागून भरायची असल्यामुळं पडून पण भरता यायची, १८६६ ला कोनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियावाले उभे राहून पुढून भरत होते तेव्हा तिनं कमाल केली. पण १८७० ला फ्रेंचांची शास्पो बंदूक तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारायची. आणि बव्हेरियाच्या बहुतेक शिपायांकडं तर पोडेविल्स, म्हणजे पुढून भरायची जुनी बंदूक मागून भरायची करून घेतलेली, आपण जुन्या पॅन्टची कंबर वाढवून देतो तसं. नवी वेर्डर बंदूक थोड्याच तुकड्यांना मिळाली होती. असल्या सामानावर ते १ सप्टेंबरला फ्रान्समध्ये सेदानजवळ बाझेई गावात घराघरातनं लढले. जर्मनांना खरा हात दिला तो क्रुप कंपनीच्या पोलादी तोफांनी.

अजून एक, विषय थोडा सोडून. या युद्धाच्या ऐंशीएक वर्षं आधी बव्हेरियाचं सैन्य ज्याच्या काळात सुधारायला घेतलं तो रमफोर्ड नावाचा अमेरिकेत जन्मलेला गृहस्थ, म्युनिकला त्यानं भिकाऱ्यांना एका मोठ्या कारखान्यात आणून सैन्याचे कपडे करायला बसवलं, आणि कुठलं कापड गरम राहतं याचे थर्मामीटर लावून प्रयोग केले. त्याला कळलं की ऊब लोकरीत नाही, लोकरीत अडकून बसलेल्या हवेत आहे. १७९२ ला त्याला या कामासाठी लंडनला मोठं मेडल मिळालं. माण-खटावच्या धनगराला घोंगड्याचं हे गणित मेडलशिवाय माहिती होतं एवढंच म्हणतो.

तर साहेब, पुढच्या पुरवणीत चूक दुरुस्त करून दोन ओळी टाका, जमलं तर फिक्या निळ्या कोटाचं रंगीत चित्र टाका, काळ्या-पांढऱ्यात त्याला काही अर्थ नाही. मी स्वतः एक कोट शिवायला घेतलाय नातवाच्या मापाचा. तो रंग साताऱ्यात काय मिळाला नाही, शेवटी एका शाळेच्या ब्लेझरचं उरलेलं कापड जवळ जाणारं निघालं, पितळी बटणं लग्नाच्या बँडवाल्यांकडून आणली. सुरवंटाला म्हसवडकडची काळी लोकर मागवलीय, ती भरून शिवून तयार पण झाला, टेबलावर पडलेला असला की गिऱ्हाईक दचकतं. राहिली फक्त चामड्याची टोपी, ती कोल्हापुरी चपला करणाऱ्या मित्राकडं दिलीय, त्याला चित्र दाखवलं तर तो म्हणाला हे डोक्यात घालतात का पायात, दिवाळी झाल्यावर बघू.

आपला नेहमीचा वाचक,
एक टेलर, सातारा