काकाजी, कपाटाची एक चावी अजून तुमच्याकडेच आहे

काकाजी, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे, पण तुमची नात वाचते, ती वाचून दाखवेल म्हणून लिहून राहिली. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "हट्, काय बोलता मॅडम" म्हणून गाडीला किक मारली असती.

मागच्या वर्षी मला मुख्याध्यापिका केलं तेव्हा जूनचा शेवटचा आठवडा होता, आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा तेव्हाच उघडतात ना. 22 वर्षं गणित शिकवलं, ज्या बायांसोबत एका डब्यात जेवली त्यांनाच आता उशीर काऊन झाला म्हणून विचारायचं, हे काही बी.एड.ला शिकवत नाहीत. त्यात शालार्थ या सरकारी वेबसाइटवरचं पगारबिल, शाळेची सगळी माहिती भरायचं यूडायस, पोषण आहाराची रोजची माहिती, आणि तुम्ही, आपल्या शाळेचे मोठे कारकून, तर एप्रिलमध्येच रिटायर झालेले. मोठे बाबू नसलेलं ऑफिस म्हणजे काय ते मला पहिल्याच पगारबिलाला समजलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही पेन्शनच्या कागदाचं निमित्त काढून आले आणि दिवाळीपर्यंत येतच राहिले. कोणी बोलावलं नव्हतं, एक रुपया घेतला नाही.

लोकांना वाटते तुम्ही मला कागद शिकवले. शिकवलेच, पण मला आठवते तो सातवीच्या सरांचा दिवस.

ते सर तेव्हा वर्गात जाऊन नुसते बसून राहायचे. फळ्यावर तारीख लिहायची, पोरांना धडा वाचायला लावायचा आणि खिडकीतून बाहेर पाहायचं. दोन पालक येऊन बोलून गेले. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा कारणे दाखवा नोटीस टाईप करून ठेवली, फक्त सही बाकी होती. तुम्ही समोरच्या खुर्चीवर चहा फुंकून राहिले होते, तिथूनच उलटा कागद वाचला (ही तुमची सवय मला कधीच आवडली नाही, सांगून ठेवते) आणि म्हणाले, "मॅडम, सही उद्या करा जी, आज याचं सेवापुस्तक पाहू."

सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीत, काय निघालं तर सरांना नोकरीत 12 वर्षं होऊन वर एक वर्ष उलटलं होतं आणि 12 वर्षांनी मिळते त्या वरिष्ठ वेतनश्रेणीची नोंदच नव्हती. प्रशिक्षण झालेलं, सर्टिफिकेट दिलेलं, मग प्रस्ताव गेला कुठं? तुम्ही उठले, मागचं हिरवं कपाट उघडलं, खालच्या खणातून एक फाईल ओढली आणि तिच्या लाल नाडीची गाठ पाहून तिथंच थांबले. ती गाठ तुमचीच होती, तशी डबल गाठ आपल्या ऑफिसात दुसरं कोणी मारत नाही. "हा प्रस्ताव वर गेलाच नाही. माझ्या हातून राहिला," एवढंच बोलले तुम्ही. चहा तसाच थंड झाला.

मग मधल्या सुट्टीत तुम्ही स्वतः स्टाफरूममध्ये गेले, वयानं कितीतरी लहान असलेल्या माणसासमोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, चूक माझी आहे सर असं म्हणाले. मी दारातच उभी होती. ते सर काही बोलले नाही, नुसती खुर्ची सरकवून दिली तुम्हाला. नोटीस मी फाडली आणि पुढच्या आठवड्यात प्रस्ताव घेऊन मीच शिक्षणाधिकारी कार्यालयात गेली. सर काही एका रात्रीत बदलले नाही, उगाच खोटं कशाला लिहू, पण पोळ्याच्या आधी एक दिवस त्यांच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला तेव्हा मी व्हरांड्यात थांबून ऐकत राहिली.

आता कोणी मास्तर बिघडलेला दिसला की मी आधी घरचं विचारते, मग सेवापुस्तक काढते, वर्गात पाहायला जाते ते सगळ्यात शेवटी.

आणि ते आधार! 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरते, सहावी ते आठवीला 35 पोरांमागं एक शिक्षक, आणि कोणाचं आधार जुळलं नाही तर पोरगं बाकावर बसलेलं असूनही मोजणीत अडचण. आपली 19 पोरं अडकली होती, कुठं जन्मतारीख वेगळी, कुठं आडनावाचं स्पेलिंग. एक शिक्षिका अतिरिक्त ठरली असती आणि तिला ते माहीत होतं, तास घेता घेता टेबलाखाली मोबाईल धरून पालकांना फोन लावून राहिली होती बिचारी. तुम्ही यादी तिच्या हातातून घेतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीच्या सुट्टीला, अख्खं नागपूर महाल-इतवारीकडे पळत होतं आणि तुम्ही पोरांच्या प्रवेशाच्या नोंदीचं दाखलखारीज रजिस्टर झेरॉक्स करून वस्तीत, का तर म्हणे आज बाप लोक घरी सापडतात. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "आधारची इडा पीडा घेऊन जा गे मारबत." 16 पोरांचं निपटलं, ती बाई शाळेत टिकली.

शिक्षकांना बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाच्या, ऑर्डरी आल्या तेव्हा मी भांडायला निघाली होती. आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 27 तुम्हीच दाखवलं, शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं देऊ नये पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांची कामं त्यात अपवाद म्हणून लिहिली आहेत, तिथं भांडून फायदा नाही, "त्यापेक्षा बदली तास कोण घेते ते लिहा आणि पहिलं नाव तुमचं टाका, मॅडम." टाकलं. आठवी ब, शेवटचा तास, गणित. खरं सांगू का, पूर्ण आठवड्यात मला तेवढा एकच तास बरा वाटते.

बाकी, हिरव्या कपाटाची डुप्लिकेट चावी तुमच्याकडंच आहे आणि नवीन बाबू रोज विचारते. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला या. तर्री पोहे मागवते, सातवीचे सर पण थांबतो म्हणाले.

तुमची,
मॅडम