अश्वगंधेच्या आधी रक्त तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत अश्वगंधेवर अर्धं पान आलं होतं, थकवा जातो, एनर्जी वाढते, रोज रात्री दुधातून घ्या वगैरे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मेडिकलमध्ये बायका ते कात्रण पर्समधून काढून दाखवायला लागल्या, काहींनी मोबाईलवर फोटो काढून आणलेला, आणि सगळ्यांचं एकच, हे आहे का तुमच्याकडे. आहे ना, चूर्ण आहे, गोळ्या आहेत, आता तर गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, पण आल्यात. पण मी विकणारीच सांगते, त्या लेखात सगळ्यात आधी जे यायला हवं होतं तेच राहिलं. थकवा कशामुळे येतोय ते कोण बघणार?

औषध वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. चरकसंहितेत बल देणाऱ्या दहा औषधांच्या गटात अश्वगंधा आहे, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात आजही जुनी माणसं आस्कंद म्हणूनच मागतात. २०१२ साली भारतातच ६४ जणांवर अभ्यास झाला, मुळाचा ३०० मिलीग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस, त्यात ताण कमी झालेला दिसला, ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल पण उतरलं. म्हणजे ताण आणि झोप यावर बऱ्यापैकी पुरावा आहे. ज्याला टेन्शनमुळे झोप लागत नाही आणि म्हणून दिवसभर गळून गेल्यासारखं होतं, त्याला फरक पडू शकतो. पण हिमोग्लोबिन आठ, म्हणजे रक्तच कमी असलेल्या बाईला काय फरक पडणार हो?

आणि अशा बायका थोड्या नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय, म्हणजे निम्म्याहून जास्त. जिना चढताना दम लागतो, केस गळतात, दुपारी चार वाजता डोळे मिटायला लागतात, ही लक्षणं सांगत माझ्यासमोर उभी असलेली बाई गमीजसाठी सातआठशे रुपये सहज काढते, आणि सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन कळतं ती रक्ताची साधी तपासणी, करून या म्हटलं की म्हणते, बघू पुढच्या महिन्यात. सरकारी दवाखान्यात ती तपासणी होते, लोहाच्या गोळ्या पण मिळतात. जेवल्या जेवल्या चहा प्यायल्याने लोह नीट अंगी लागत नाही एवढं जरी पुरवणीत छापलंत तरी खूप होईल. बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिनचं पण तसंच, शाकाहारी घरांमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर अजून कमी होतं, पायाला मुंग्या, थकवा, विसरायला होणं, आणि घरातले म्हणतात वय झालं.

माझी खरी काळजी थायरॉइडवाल्यांची आहे. एकाच पिशवीत सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी आणि रात्रीची अश्वगंधा, असं मी रोज बघते. अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, मग गोळीचा डोस जास्त व्हायला लागतो, छातीत धडधड, हाताला कंप, घाम, आणि बाईला वाटतं एनर्जी आली. ज्यांचं थायरॉइड मुळातच जास्त आहे त्यांनी तर नकोच. गरोदर बायकांनी नको. झोपेच्या, शुगरच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आपल्याकडे आणि बाहेरही नोंदल्या गेल्यात, क्वचित होतं, बहुतेकांना बंद केल्यावर बरं वाटतं, पण लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली तर डबी बाजूला ठेवून लगेच दाखवायला हवं हे घेणाऱ्याला माहीत तरी पाहिजे. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. आपण तेवढं घाबरायला नको, पण काही जोखीमच नाही असंही छापू नये.

डबीवर काय बघायचं तेही कोणी सांगत नाही. औषधात वापरायचं ते मूळ. पानं स्वस्त पडतात, म्हणून अर्कात ती घातली जातात, आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपन्यांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. तेव्हा लेबलवर मूळ असं स्पष्ट लिहिलंय का बघा. आणि चूर्ण वेगळं, अर्क वेगळा. चूर्ण तीन ते सहा ग्रॅम सांगितलेलं असतं, अर्काच्या कॅप्सूलमध्ये ३०० मिलीग्रॅम, आकडा छोटा दिसला म्हणून लोक दोनाच्या चार करतात, एकाने तर चमच्याने चूर्ण आणि वर कॅप्सूल दोन्ही चालू ठेवलेलं. अर्क म्हणजे आटवलेलं औषध, थोड्यात जास्त.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी अश्वगंधा, शतावरी, गुळवेल कशावरही छापाल तेव्हा सोबत एक चौकट द्या, कोणी घेऊ नये, किती घ्यावं, किती दिवसांत फरक नाही पडला तर थांबावं, आणि सुरू करण्याआधी सीबीसी, थायरॉइडसाठी टीएसएच, बी ट्वेल्व्ह, साखर बघून घ्यावी. आणि अन्न व औषध प्रशासनाने गमीजच्या डब्यांवर थायरॉइड आणि गरोदरपणाची सूचना मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात सक्तीची करावी, आत्ता ती असली तरी इंग्रजीत आणि इतकी बारीक की मलाच चष्मा पुढेमागे करावा लागतो.

आपली,
मेडिकल चालवणारी एक वाचक, सांगली